मिस्त्री गाडी देत नाही, तेव्हा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला, त्यात अंबाझरी लेआउटमधल्या माझ्या मामेभावाची कार बोनेटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरलं तेव्हा सीटवर बोटभर गाळ होता आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक मेलेली मासोळी. विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर नव्हतं. कंपनीच्या वर्कशॉपचा आकडा ऐकून तो परत फिरला आणि रिंग रोडवरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी टो करून नेली. त्या आठवड्यात जिकडेतिकडे गॅरेजसमोर चिखलानं माखलेल्या गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे "पंधरा दिवस लागतीन भाऊ" यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वीस हजार ॲडव्हान्स दिला. कागद मात्र एकही घेतला नाही.

दसरा गेला, दिवाळी गेली. "पार्ट दिल्लीहून येऊन राह्यला." "इंजिनाचं हेड लेथवाल्याकडे पडलं आहे." "पोरगं गावाला गेलं." जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मामेभावाच्या मोबाइलवर मेसेज आला की फास्टॅगमधून बोरखेडीच्या टोल नाक्यावर पैसे कटले. बोरखेडी म्हणजे वर्धा रोडनं बुटीबोरीच्याही पुढे. इंजिन खोलून पडलेली गाडी तिथं काय करत होती?

रात्री तो दुसरी चावी खिशात घालून माझ्याकडे आला. दोन मित्र खाली बाइकवर थांबलेले. म्हणाला, "चल, उचलून आणू. माझीच गाडी आहे, कोण काय करते पाहू."

गाडी त्याचीच होती, त्यात वाद नव्हता. पण कायद्यात तेवढ्यानं भागत नाही.

स्वतःच्याच घड्याळाची चोरी

चोरी म्हणजे काय हे समजावताना आपल्या फौजदारी कायद्यानं घड्याळाची दोन उदाहरणं दिली आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम ३७८ खाली होती, आणि १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ खाली आहेत. पहिल्या उदाहरणात एक जण घड्याळ नीट करायला दुकानात देतो. दुकानदाराचं त्याच्याकडे काही येणं नाही. मालक सगळ्यांदेखत दुकानात शिरतो आणि हातातून घड्याळ हिसकावून नेतो. कायदा म्हणतो, ही चोरी नव्हे. दुसऱ्याच्या जागेत घुसणं आणि अंगावर जाणं हे गुन्हे मात्र होऊ शकतात. दुसऱ्या उदाहरणात दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, दुकानदारानं त्यापोटी घड्याळ हक्कानं ठेवून घेतलं आहे, आणि त्याचं ते तारण बुडवायच्या इराद्यानं मालक घड्याळ काढून नेतो. ही चोरी. स्वतःच्याच घड्याळाची.

"काहीही बे," मामेभाऊ म्हणाला. पण बसला.

घड्याळाच्या जागी गाडी ठेवली की सगळ्या भांडणाचा खिळा कुठं आहे ते कळतं. गाडी कोणाची, हा प्रश्नच नाही. याच गाडीच्या, याच कामाचे पैसे तुमच्याकडे बाकी आहेत का, हा प्रश्न आहे. पुढचे सगळे रस्ते या एका उत्तरावरून फुटतात.

तुम्ही गाडी दुरुस्तीला देता तेव्हा मालकी तुमची राहते, ताबा तेवढा मिस्त्रीकडे जातो. वकील याला बेलमेंट म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात त्याचं आख्खं प्रकरण आहे. त्यातलं कलम १७० मिस्त्रीच्या बाजूचं. ज्यानं वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. मराठीत याला धारणाधिकार असा भारदस्त शब्द आहे, कोर्टात मात्र सगळे लिएनच म्हणतात. म्हणजे काम झालं, बिल वाजवी आहे आणि तुम्ही पैसे देत नाही, तर गाडी न देणारा मिस्त्री कायद्याला धरून वागतो आहे. हे ऐकायला कोणाला आवडत नाही. पण एखाद्या जुन्या गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. काम करून घेऊन मालक फिरकलाच नाही, अशी टायर बसलेली एखादी गाडी तिथं हमखास सापडेल. तिची जागा अडते ती मिस्त्रीची.

आता या हक्काला कुंपण कुठं आहे ते पाहा, कारण आपलं काम तिथं आहे.

कामच झालं नसेल, तर त्याचा मोबदलाही नाही आणि अडवायचा हक्कही नाही. न सांगितलेल्या कामाचं बिल दाखवून गाडी अडवणं असंच लंगडं; कलमाचे शब्दच "ज्या हेतूनं वस्तू दिली त्यानुसार केलेली सेवा" असे आहेत. उधारी कबूल केली असेल तरी हक्क जातो. कायद्यातलंच उदाहरण आहे: शिंप्यानं कोट शिवून झाल्याबरोबर द्यायचं कबूल केलं आणि पैशांना तीन महिन्यांची मुदत दिली, तर पैशांसाठी त्याला कोट अडवता येत नाही. तुमच्या मिस्त्रीनं व्हॉट्सॲपवर "पैसे पुढच्या महिन्यात द्या भाऊ, गाडी शनिवारी नेजा" असं लिहिलं असेल, तर तो मेसेज जपा. तो तुमचा कोट आहे.

"आधी मागच्या वर्षीचे स्कूटीचे अठराशे द्या, मग कार नेजा" हेही चालत नाही. जुन्या हिशेबासाठी हातात आलेली कोणतीही वस्तू अडवायचा हक्क कलम १७१ नं मोजक्या लोकांना दिला आहे: बँकर, अडते, धक्क्यावरचे गोदीवाले, हायकोर्टाचे अटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल. यांच्याशिवाय कोणालाही तसा स्पष्ट करार लागतो. मिस्त्री या यादीत नाही.

आणि अडवून ठेवणं म्हणजे फक्त ठेवणं. गहाण ठेवून घेणाऱ्याला नोटीस देऊन वस्तू विकता येते. मिस्त्रीला कलम १७० नं तो अधिकार दिलेला नाही. वापरायचा तर नाहीच नाही. ठरल्यापलीकडे वस्तू वापरली, तर त्या वापरात होणाऱ्या नुकसानीला कलम १५४ खाली तोच जबाबदार, मग निष्काळजीपणा असो वा नसो. बोरखेडीचा टोल म्हणून मोलाचा होता. त्या वाटेवर त्यानं कोणाला उडवलं असतं तर अपघात ट्रिब्युनलची नोटीस आरसीवरच्या नावानं, म्हणजे मामेभावाच्या घरी आली असती. गाडी गॅरेजमध्ये असताना ई-चलानचे आणि फास्टॅगचे मेसेज वाचत जा.

आधी तारीख लिहून मागा

आपल्या लोकांचं इथंच चुकतं. चार महिने रोज फोन करतात, भांडतात, गॅरेजवर चकरा मारतात, आणि कागदावर एक ओळ नसते. मग मिस्त्री निवांत म्हणतो, "यांनीच नेली नाही गाडी."

कलम १६० म्हणतं की काम झालं किंवा ठरलेली मुदत संपली की वस्तू न मागताही परत द्यायची. कलम १६१ त्याहून कामाचं. वेळेवर परत केली नाही, तर त्या क्षणापासून वस्तू हरवली, मोडली, खराब झाली, तर जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. म्हणून 'त्या क्षणाची' तारीख तुमच्या हाती पाहिजे. साधा मेसेजही चालतो, पण त्यात या गोष्टी आल्या पाहिजेत: गाडीचा नंबर, दिल्याची तारीख, काय काम सांगितलं, ॲडव्हान्स किती आणि कसा दिला, परत कधी देणार होता. मग दोन मागण्या. सात दिवसांत गाडी द्या, आणि तुमचं काही येणं असेल तर सविस्तर बिल लेखी द्या, वाजवी रक्कम द्यायला मी तयार आहे. हे शेवटचं वाक्य घशाखाली उतरत नाही, पण तेच सगळ्यात धारदार आहे. तुम्ही पैसे द्यायला तयार आहात आणि तो बिलच देत नाही, असं झालं की त्याचा 'पैशांसाठी अडवली' हा बचाव ढिला पडतो.

पुढची पायरी वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टनं, दुकानाच्या आणि ठाऊक असेल तर घरच्या पत्त्यावर. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका. बंद पाकीट पुराव्याचं काम करतं. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून मेसेज मूळ फोनमध्ये राहू द्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यालाही कळवून ठेवा. हप्ते थांबत नाहीत, पण गाडीत हितसंबंध त्याचाही आहे. मिस्त्रीनं "आरटीओच्या कामाला लागते" म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या असतील, तर ताबडतोब आरटीओला लेखी कळवा. ते मालकी बदलाचे फॉर्म आहेत, दुरुस्तीशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

बिल अव्वाच्या सव्वा आहे पण काम काही तरी झालं आहे, अशा वेळी माझं मत विचाराल तर पैसे भरा, गाडी आणा आणि मग लढा. गॅरेजच्या अंगणात उभी गाडी रोज झिजते. बॅटरी बसते, टायर बसतात, उंदीर वायरिंग खातात. पैसे भरताना पावतीवर किंवा मेसेजमध्ये एक ओळ लिहायची: "ही रक्कम मान्य नाही, केवळ गाडीचा ताबा मिळावा म्हणून हक्क राखून देत आहे." यूपीआयनंच द्या. गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन नंबर, चासी नंबर, बॅटरीचा सीरियल नंबर, टायर आणि किलोमीटरचा काटा यांचे फोटो काढा, आणि बदललेले जुने पार्ट मागून घ्या. 'हेड बदललं' म्हणणाऱ्याकडे जुनं हेड असायला पाहिजे.

ग्राहक आयोग

नोटीस देऊनही हलत नसेल, तर साध्या माणसाला बहुतेक वेळा हाच रस्ता सोयीचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दुरुस्ती ही सेवा, वेळेवर न करणं ही सेवेतली त्रुटी, आणि बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा. तुम्ही दुरुस्तीपोटी मोजलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपली प्रकरणं तिथंच. तो मोबदला पाच लाखांपर्यंत असला तर तक्रारीला फी नाही. मिस्त्री कामठीचा असो की वर्ध्याचा, तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नागपूरकरांना त्यासाठी सिव्हिल लाइन्स गाठावं लागतं, किंवा ऑनलाइन दाखल करता येतं. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत लिहा, चालते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला काही जात नाही, पण फुटपाथवरचा मिस्त्री हेल्पलाइनला किती भीक घालतो याबद्दल मला शंका आहे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपवर तिचा थोडा तरी उपयोग होतो.

तक्रारीसोबत अंतरिम आदेशाचा अर्ज जोडायला विसरू नका. कलम ३८ च्या आठव्या पोटकलमाखाली आयोग निकालाआधीही योग्य वाटेल तो आदेश देऊ शकतो. "वादातली रक्कम मी आयोगात भरतो, गाडी आत्ता द्यायला सांगा" असा अर्ज करा. पैसे सुरक्षित राहतात, त्यामुळे मिस्त्रीलाही ओरडायला फारशी जागा उरत नाही. मुदत दोन वर्षांची. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. तारखा पडतात, तीन महिन्यांवर लग्नाचा मुहूर्त ठेवू नका. पण आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही, हे ऐकून बरेच लोक ताळ्यावर येतात.

एक फाटा लक्षात ठेवा. गाडी धंद्यासाठी असेल, समजा ट्रॅव्हल्सच्या आठ गाड्यांपैकी एक, तर तुम्ही ग्राहक ठरत नाही. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा ऑटोवाला मात्र ठरतो. ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी दिवाणी कोर्ट. तिथं १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ७ आणि ८ खाली वस्तूच परत मागता येते, मुदत तीन वर्षांची, पण कोर्ट फी आहे आणि वेळही जास्त जातो. दावा टाकण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होते का ते पाहावं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. शिकलेल्या बायकांनाही हे ठाऊक नसतं.

"हा दिवाणी मामला आहे"

पोलीस ठाण्यात गेलात की ठाणेदार हे वाक्य ऐकवेल. राग येतो, पण अनेकदा तो बरोबर असतो. उशीर, वाईट काम, जास्त बिल यात गुन्हा नाही. गुन्हा बनतो तो अप्रामाणिकपणानं. गाडी विकली, पार्ट काढून दुसऱ्या गाडीला लावले, भाड्यानं फिरवली, "तुमची गाडी माझ्याकडे आलीच नाही" म्हणाला, किंवा शटर ओढून गायब झाला, तर तो विश्वासघात आहे. कायद्याच्या भाषेत फौजदारीपात्र न्यासभंग. न्याय संहितेचं कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र. १ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य असेल तर जुनंच कलम ४०६ लागतं, तिथं तीन वर्षं.

म्हणून तक्रारीत "गाडी देत नाही" एवढंच लिहू नका. टोलची नोंद, ओएलएक्सवर दिसलेली जाहिरात, गायब बॅटरी, जे बेइमानी दाखवतं ते लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीनं आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे त्याच दिवशी एफआयआर झाला नाही म्हणून खचू नका. नोंदवायलाच नकार दिला तर फौजदारी कामाची रीत सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे वरिष्ठांना टपालानं अर्ज, नागपूर शहरात म्हणजे पोलीस आयुक्तालयात. तरीही नाही, तर न्यायदंडाधिकारी.

पोलिसांनी गाडी जप्त केली की नवीनच भीती, आता ती ठाण्याच्या आवारात सडणार. सडू द्यायची गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. फोटो, पंचनामा आणि बाँड घेऊन मालकाला द्यावीत. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे त्या बाँडवर, गाडी मिळते.

कधी मिस्त्री पळतो आणि दुकानाला कुलूप घरमालकाचं असतं, भाडं थकलं म्हणून. भाडं मिस्त्रीकडे थकलं, तुमच्याकडे नाही. घरमालकानं तुमच्या गाडीवर कसलीही मेहनत केलेली नाही, त्यामुळे कलम १७० त्याला उपयोगी पडत नाही. आरसी दाखवून लेखी मागा, नाही म्हणाला तर त्यालाही नोटीस.

त्या रात्री आम्ही गाडी आणायला गेलो नाही. मित्रांना चहा पाजून परत पाठवलं. सकाळी मामेभावानं बँकेच्या ॲपवरून फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं, तर बोरखेडीच्या एक नाही, सहा नोंदी निघाल्या. त्या जोडून नोटीस गेली. नवव्या दिवशी मिस्त्रीचा स्वतःहून फोन आला. वरचे एकेचाळीस हजार मागत होता. जुनं हेड दाखव म्हटल्यावर तासाभरात चोवीसवर आला. ट्रायल घ्यायला बुटीबोरीपलीकडे सहा वेळा कशाला जावं लागतं, याचं उत्तर मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

मी म्हटलं होतं, गाडी आली की आयोगात जा, सहा फेऱ्यांची भरपाई माग. त्यानं ऐकलं नाही. गाडी आली ना, म्हणतो. चोवीस हजार देताना तेवढी माझी ओळ त्यानं बिलावर लिहिली आणि मिस्त्रीची सही घेतली. मिस्त्रीनं दोनदा वाचलं.

"हक्क राखून म्हणजे काय भाऊ?"

"म्हणजे मी पुन्हा तुझ्याकडे येणार नाही."

ते बिल आता डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. मासोळीचा वास अजून गेलेला नाही.